मदत हवी आहे: सर्व्हर नसलेलं, पेठेपुरतं सोशल नेटवर्क

मंडळी, नमस्कार. कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. आमच्या तालमीच्या साठेक पोरांसाठी मध्ये सर्व्हर नसलेलं छोटं सोशल नेटवर्क लिहितोय. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितल्यापासून डोक्यात बसलंय, नेट गेलं तरी शेजारच्या फोनपर्यंत निरोप पोचला पाहिजे.

पाया सिक्युअर स्कटलबट या सर्व्हरविना चालणाऱ्या सोशल नेटवर्कच्या प्रोटोकॉलसारखा ठेवलाय: प्रत्येकाची स्वतःची किल्ली, सही केलेल्या पोस्टची साखळी, आणि जो भेटेल त्याच्याकडून राहिलेल्या पोस्ट उचलायच्या. तालमीच्या वाय-फायवर झकास चालतं.

घोडं अडलंय ते मोबाईल डेटावर. कंपन्या एकाच सार्वजनिक आयपीमागे कितीतरी ग्राहक ठेवतात, त्यामुळे दोन फोन बहुतेकदा थेट जुळत नाहीत. मध्ये रिले (निरोप इकडून तिकडे पोचवणारं मधलं यंत्र) ठेवला तर मजकूर कूटबद्ध असला तरी कोण कुणाशी कधी बोललं हे रिलेला कळणार. मग सर्व्हर काढून मिळवलं काय? ब्रायर हे निरोपांचं अ‍ॅप टॉर (कोण कुणाशी बोलतंय ते लपवणारं नेटवर्क) वापरतं, पण माझ्या चाचणीत टॉर सतत चालू ठेवल्यावर जुन्या फोनची बॅटरी दुपारीच मान टाकते.

दुसरं, पोस्ट पुसणं. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) असतो, मधली काढली की साखळी तुटते. म्हणून साखळीत फक्त हॅश आणि मजकूर वेगळा, असं करतोय. (रात्री रागात लिहिलेलं सकाळी पुसायची सोय आमच्याकडे लागतेच!)

अँड्रॉइडवर असा रिले कुणी चालवलाय का? रिलेला कमीत कमी कळावं म्हणून काय केलंत? कोल्हापुरातलं कुणी असेल तर रविवारी रंकाळ्यावर भेटू, मिसळ माझ्याकडून.