पोट्टे दर निवडणुकीत वेगळं बटण का दाबून राहिले?

मानेवाडाकर
आमच्या घरी आजोबांपासून पंजा. १९७७ ला देशभर काँग्रेस पडली, तरी नागपुरातून गेव आवारी निवडून आले, हे आजोबा शेवटपर्यंत अभिमानानं सांगायचे. माझा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. २०२४ ला लोकसभेत गडकरींना मत, सहा-सात महिन्यांनी विधानसभेत काँग्रेसला, अन् आता म्हणतो दोघंही नको. त्याचे मित्र तसेच. त्यातले काही तर शाखेत वाढलेले. हे सगळं मोबाइलमुळं का? मी रागावलो नाही, मला खरंच समजून घ्यायचं आहे.

अभ्यासिकावाला, सक्करदरा
भाऊ, मोबाइलच्या माथी सगळं मारू नका. माझी अभ्यासिका आहे, ही पोरं रात्री उशिरापर्यंत माझ्या डोळ्यांसमोर असतात. पक्ष त्यांच्या बोलण्यात मागून येतो. आधी येते जाहिरात: जागा किती, वय बसते का, पेपर फुटला का. २०२३ च्या तलाठी भरतीचं शुल्क खुल्या गटाला १,००० रुपये अन् राखीवला ९०० होतं. एकानं ते आईच्या बचत गटातून उचल घेऊन भरलं. फॉर्मची प्रिंट घडी करून पाकिटात ठेवली होती, डबा खाताना काढून दाखवली. त्याला कोणता झेंडा विचारू मी?

दुसरं कारण माझ्या मते मोठं आहे. मनपाची मुदत मार्च २०२२ ला संपली अन् पुढं कित्येक दिवस प्रशासकच. पोरगा पक्षाचा व्हायचा तो भाषणानं नाही, नगरसेवकामुळं. रहिवासी दाखला, तुंबलेली गडरलाइन, गणपतीची वर्गणी, मेडिकलमध्ये खाट मिळावी म्हणून एक फोन. याच काळात जे अठराचे झाले त्यांच्या वाट्याला हा माणूसच आला नाही. मग ते बांधले जाणार कोणाशी?

इंदोऱ्याचा
उत्तर नागपुरात असं सरसकट म्हणता येत नाही. आमच्या घरातली मोठी माणसं रिपब्लिकन, नंतर हत्ती. मी अन् भावानं लोकसभेला पंजा दाबला तो संविधानासाठी, नोकरीसाठी नाही. पण नोकरीचा रागही खरा आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणात पदवीधराला महिन्याला १०,०००. आधी ६ महिने, मग ५ वाढवले, मग घरी बसा. आईला लाडक्या बहिणीचे १,५०० येतात, ती सरकारवर खूश आहे. एका चुलीवर दोन मतं झाली आमची.

मानेवाडाकर
म्हणजे घराण्याचं मत ही गोष्टच संपली म्हणायची?

अभ्यासिकावाला, सक्करदरा
ती नागपुरात कधी पक्की होती? बनवारीलाल पुरोहित इथून काँग्रेसकडून खासदार झाले अन् १९९६ ला भाजपकडूनही. मतदारानं दोन्ही वेळा निवडून दिलंच ना. गडकरींची आघाडी २०१४ ला पावणेतीन लाखांच्या वर होती, २०१९ ला सव्वादोन लाखांच्या आत, २०२४ ला १ लाख ३७ हजार. माणूस तोच, जिंकलाही तोच, पण दरवेळी थोडे लोक बाजूला झाले. तुमचा मुलगा बेइमान नाही, तो हिशेब मागतो. मागू द्या त्याले.

इंदोऱ्याच्या भाऊ, त्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र भरतीत कुठं धरतात का? माझ्याकडचे दोघं विचारून राहिले.