‘प्रकल्प मिळाला’ म्हणजे नेमके काय मिळाले?

धरमपेठकर: नमस्कार. मी निवृत्त असून नागपुरात राहतो. एका सूचीबद्ध वीज कंपनीचे थोडे शेअर बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहेत. दीड वर्षापूर्वी या कंपनीने ‘३०० मेगावॅटचा सौर प्रकल्प मिळाला’ असे शेअर बाजाराला कळवले, आणि त्यानंतर त्या विषयावर एकही स्वतंत्र सूचना आली नाही. परवा जुने आणि नवे तिमाही सादरीकरण शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा लक्षात आले की आधी ‘अंमलबजावणी सुरू’ या रकान्यात असलेला हा प्रकल्प आता ‘पाइपलाइन’ (म्हणजे अजून सुरू न झालेले, पुढचे प्रकल्प) या रकान्यात गेला आहे, आणि खाली साधी तळटीपही नाही. कंपनीने नियम मोडला, की मीच ‘मिळाला’ या शब्दाचा नको तितका अर्थ घेतला?

कंपनी सचिव (निवृत्त): दोष आपल्या वाचनात नाही, तो शब्दच पसरट आहे. लिलावात बोली यशस्वी ठरली की सेकीसारखी (भारतीय सौर ऊर्जा महामंडळ) संस्था लेटर ऑफ अवॉर्ड, म्हणजे बोली मंजूर झाल्याचे पत्र, देते आणि बहुतेक कंपन्या त्याच टप्प्यावर बातमी देऊन मोकळ्या होतात. परंतु सेकी ही मध्यस्थ आहे. वितरण कंपन्या ती वीज घेण्याचा करार तिच्याशी करतात, तेव्हाच ती विकासकाशी वीज खरेदी करार करते. वितरण कंपन्या पुढे न आल्याने २०२५ मध्ये देशात अशी करारावाचून अडकलेली क्षमता ४० गिगावॅटच्या वर गेली होती.

नियमांविषयी सांगायचे, तर शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या २०१५ च्या नियमावलीतील नियम ३० नुसार व्यावसायिक उत्पादन सुरू होणे आणि ती तारीख पुढे ढकलली जाणे, या दोन्ही गोष्टी बाजाराला कळवण्याच्या यादीत आहेत. मात्र घटना महत्त्वाची ठरली तरच. २०२३ च्या दुरुस्तीपासून ही कसोटी आकड्यांत बांधली आहे: उलाढालीच्या २ टक्के, नक्त मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी) २ टक्के, किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्या-तोट्याच्या ५ टक्के, यांपैकी जी रक्कम सर्वांत कमी असेल, तिच्याइतका परिणाम असलेली घटना महत्त्वाची. त्यामुळे मोठ्या कंपनीला ३०० मेगावॅट ‘किरकोळ’ म्हणता येणे अशक्य नाही. पण एकदा बातमी दिली, की त्या घटनेतील पुढील महत्त्वाच्या घडामोडी ती निकाली निघेपर्यंत कळवत राहावे, असेही त्याच नियमाचे ७ वे उपकलम सांगते. माझ्या मते आपला मुद्दा तिथे बसतो. मिळाल्याची बातमी ठळक अक्षरांत द्यायची आणि अडल्याची रकाना बदलून, हे मला पटत नाही.

बुटीबोरीचा अभियंता: मी आकड्यांपुरते बोलतो. मूळ सूचनेत मेगावॅट एसी (ग्रिडला दिली जाणारी क्षमता) आहे की डीसी (पॅनेलांची क्षमता), हे आधी पाहावे. ३०० मेगावॅट एसीच्या प्रकल्पाला ४२० मेगावॅटची पॅनेले बसवणे यात वावगे काही नाही, पण एक कंपनी एक आकडा देते, दुसरी दुसरा, आणि वाचणारा दोन्हींची तुलना करत बसतो. मला क्षमतेपेक्षा युनिट जास्त महत्त्वाचे वाटतात. २५ टक्के क्षमता वापर (वर्षभर अखंड पूर्ण क्षमतेने चालल्यास मिळणाऱ्या विजेच्या तुलनेत प्रत्यक्ष उत्पादन) धरला तर ३०० मेगावॅटमधून वर्षाला ६५.७ कोटी युनिट मिळतात, आणि अडीच रुपये दराने सुमारे १६४ कोटी रुपये. वापर २२ टक्के निघाला तर वीस कोटी रुपयांच्या आसपास गेलेच. शिवाय पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअसवर मोजलेली असते. आमच्या कारखान्याच्या छपरावरचे पॅनेल मे महिन्यात दुपारी ६५ अंशांपर्यंत तापते आणि दर अंशामागे उत्पादन साधारण ०.३५ टक्के घटते. गुंतवणूकदारांसाठीच्या सादरीकरणात मात्र सूर्य नेहमी कोवळाच असतो.

काटोल तालुका: विषय भागधारकांचा आहे, तरी गावाचीही एक बाजू मांडतो. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वतता अहवाल सक्तीचा केला आहे आणि त्यात समुदायांकडून आलेल्या तक्रारींची एक ओळ असते. आमच्या शिवारात प्रकल्पाच्या कुंपणामुळे पांदण रस्ता बंद झाला. बंड्या (बैलगाड्या) थेट शेतात नेता येत नाहीत, म्हणून ग्रामपंचायतीने दोन अर्ज दिले. त्या वर्षीच्या अहवालात त्या ओळीपुढे ‘शून्य’ आहे.

धरमपेठकर: सर्वांचे आभार. काल रात्री विश्लेषकांसोबतच्या बैठकीचे शब्दांकन संकेतस्थळावरून उतरवून वाचले. चौदाव्या पानावर एका विश्लेषकाने थेट विचारले आहे आणि ‘वीज खरेदी करारावर अद्याप स्वाक्षरी झालेली नाही’ असे उत्तरही मिळाले आहे. म्हणजे कंपनीने सांगितले नाही असे म्हणता येणार नाही. पण तिथवर पोहोचायला मला तेरा पाने आणि चष्म्याचा नवा नंबर लागला. आता दोन्ही सादरीकरणांची ती पाने जोडून अनुपालन अधिकाऱ्यांना पत्र लिहीत आहे. वार्षिक सभा ऑनलाइन असून बोलण्यासाठी आधी नोंदणी लागते, तीही आज केली. प्रश्न एकच ठेवला आहे: करार नसताना हा प्रकल्प ‘अंमलबजावणी सुरू’ या रकान्यात कोणत्या आधारावर टाकला होता?