मदत हवी आहे: जुन्या कार्यालयीन इमारतीतील वातानुकूलनाचा वीजवापर कसा कमी करावा?

नमस्कार. मी एका सात मजली, बऱ्याच जुन्या कार्यालयीन इमारतीची देखभाल पाहतो. चिलरमधून (वातानुकूलनासाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्रातून) थंड पाणी ७ अंशांवर निघते आणि आराखड्यानुसार ते १२ अंशांवर परतायला हवे, पण प्रत्यक्षात जेमतेम ९ अंशांवर परतते. म्हणजे पुरेशी उष्णता न उचलताच पाणी फिरत राहते आणि पंप विनाकारण राबतात. चौथ्या मजल्यावरचा एक व्हॉल्व्ह खोलून पाहिला, तेव्हा नियंत्रण यंत्रणेच्या पडद्यावर बंद दिसणारा तो व्हॉल्व्ह निम्मा उघडाच अडकलेला होता.

पंपांना व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवण्याचा प्रस्ताव आहे. वेग ८० टक्क्यांवर आणल्यास पंपाला लागणारी वीज जवळपास निम्म्यावर येऊ शकते हे खरे, परंतु व्हॉल्व्ह आणि कॉइल (ज्या नळ्यांतले थंड पाणी हवेतली उष्णता उचलते) दुरुस्त केल्याशिवाय हा खर्च करणे मला घाईचे वाटते. नवा चिलर तर फारच पुढची गोष्ट.

अशा कामाचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे: तपासणी कोणत्या क्रमाने करावी, थ्री-वे व्हॉल्व्हच्या (कॉइलला नको असलेले पाणी वळवून परत पाठवणाऱ्या) जागी टू-वे (प्रवाहच कमी करणारा) बसवल्यावर चिलरमधला किमान प्रवाह कसा सांभाळला, आणि हवामानातला फरक वगळून वाचलेली वीज कशी मोजली?