‘मॉरल फायबर’ला मराठीत काय म्हणावे?

धंतोलीकर
आमच्या वाचनमंडळाने या महिन्यात दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश बाँबफेकी विमानांवरची एक इंग्रजी कादंबरी घेतली आहे आणि तिच्यावरचे सभासदांचे अभिप्राय मराठीत एकत्र करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कादंबरीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव कळले की सगळे तिच्या शेवटाबद्दलच बोलू लागतात. लँकेस्टर विमानाच्या शेपटाकडील काचेच्या कोठडीत चार मशीनगन घेऊन एकटा बसणारा तरुण एका संध्याकाळी विमानात चढण्यास नकार देतो, आणि त्याच्या कागदांवर ‘लॅक ऑफ मॉरल फायबर’ असा शेरा पडतो. मी त्याचे ‘नैतिक धैर्याचा अभाव’ असे भाषांतर केले. ते वाचून एका सभासदाने मला विचारले की या मुलाच्या हातून नेमके कोणते गैरवर्तन घडले होते. तेव्हा या शेऱ्यासाठी मराठीत कोणता शब्द वापरावा?

महालवासी
त्या सभासदाचे काही चुकलेले नाही. नैतिक धैर्य म्हटले की मराठी वाचकाला आगरकर आठवतात, म्हणजे समाज विरोधात असताना सत्य बोलणारा माणूस. येथे सत्यासत्याचा प्रश्नच नाही. हा मुलगा भ्याला, आणि आपल्या वऱ्हाडीत त्याला ‘भेव लागलं’ एवढे म्हणणे पुरते. ग्रांथिक शब्द हवाच असेल तर गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ‘हृदयदौर्बल्य’ घ्यावा. सेनेच्या मध्यभागी रथात बसून शस्त्र टाकणाऱ्या योद्ध्यासाठीच तो योजलेला आहे, त्यामुळे याहून समर्पक शब्द सापडणे कठीण.

रामदासपेठ
महालवासी काका, शब्द देखणा आहे, परंतु रामदासपेठेतील इतक्या दवाखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला ‘हृदयदौर्बल्य’ वाचून अँजिओग्राफीच आठवते. शिवाय अर्जुनाने शस्त्र टाकले ते युद्धाच्या आरंभी. या मुलाने अनेक मोहिमा केलेल्या आहेत. ब्रिटिश हवाई दलात पहिली पाळी सामान्यतः 30 मोहिमांची असे. त्या दलाच्या बाँबफेकी विभागात, म्हणजे बाँबर कमांडमध्ये, सुमारे 1,25,000 वैमानिक आणि त्यांचे सहकारी उडाले व त्यांपैकी 55,573 मारले गेले, हे लक्षात घेतले तर अर्ध्या वाटेवर थांबणाऱ्याला भित्रा म्हणण्याचे धाडस निदान मी करणार नाही. मी ‘अवसान गळलेला’ असे लिहिले असते. अवसान हा शुद्ध संस्कृत शब्द आहे, त्यामुळे कोणाची हरकतही येणार नाही.

महालवासी
हरकत माझीच आहे. संस्कृतात अवसान म्हणजे शेवट. आपण ज्या अर्थाने तो शब्द वापरता तो हिंदुस्थानी ‘औसान’चा अवतार असावा, म्हणजे भान किंवा प्रसंगावधान. शुद्धतेच्या नावाखाली आपण परकीय पाहुण्याला देवघरात बसवीत आहात. ज्या नागपुरात बसून डॉ. रघुवीरांनी हजारो पारिभाषिक शब्द संस्कृत धातूंवरून घडविले, त्या नागपुरात तरी थोडी काटेकोर नजर असावी.

रामदासपेठ
रघुवीरांच्या शब्दांपैकी किती शब्द इतवारीच्या बाजारात चालले हेही एकदा पाहावे. अवसान मात्र घराघरांत चालतो. ‘उसने अवसान’ हा प्रयोग तर या कादंबरीसाठीच जन्माला आला असावा असे मला वाटते. रात्री उड्डाण करण्यापूर्वी ही मुले जी थट्टामस्करी करतात ती उसन्या अवसानाची आहे, आणि लेखकाने ते फार चांगले रंगविले आहे. पूर्वार्धातील यंत्रांची लांबलचक वर्णने मात्र मी सरळ उलटून टाकली.

वायुसेनानगर
यंत्रांची वर्णने उलटून टाकणाऱ्याला तो मुलगा का थांबला हे कळणार नाही, असे माझे नम्र मत आहे. मी भारतीय वायुसेनेच्या अनुरक्षण कमानीत, म्हणजे मेंटेनन्स कमांडमध्ये, आयुष्य काढले. मी स्वतः उडालेलो नाही, परंतु उडणाऱ्यांची विमाने सज्ज करून दिली आहेत. शेपटाकडील गनर इतर सहा जणांपासून तुटलेला असे, कडाक्याच्या थंडीत तासन् तास अंधाराकडे पाहत बसणे एवढेच त्याचे काम होते, आणि शत्रूचे लढाऊ विमान बहुधा मागूनच येत असल्यामुळे पहिला मारा त्याच्यावर होई. मूळ प्रश्नाविषयी सांगायचे तर, हा शेरा वैद्यकीय नव्हता, प्रशासकीय होता, आणि भाषांतरात नेमके तेच हरवत आहे. ब्रिटिश हवाई दलात उडणारे सगळे स्वेच्छेने आलेले असत. 1940 पासून अशा नकारासाठी ही शब्दयोजना रूढ झाली. ज्याच्यावर शेरा पडे त्याचा उड्डाणाचा बिल्ला काढून घेतला जाई, आणि इतरांना जरब बसावी हाही त्यामागील हेतू होता. आमच्याकडे माणूस थकला तर डॉक्टर त्याला ‘लो मेडिकल कॅटेगरी’त टाकतात. त्यात त्याच्या चारित्र्यावर ठपका नसतो. येथे ठपकाच मुख्य आहे. म्हणून शब्द असा हवा की जो वाचून आपल्याला त्या मुलाचा नव्हे, शेरा मारणाऱ्याचा राग यावा.

धंतोलीकर
वायुसेनानगर काका, आपण माझी अडचण माझ्यापेक्षा नीट मांडली. ‘मनोधैर्य खचले’ असे लिहिले तर वाक्य सहानुभूतीचे होते, आणि ‘भ्याड’ लिहिले तर शिवी होते. मूळ शेरा या दोन्हींच्या मधला आहे. तो कारकुनी भाषेत गुंडाळलेली शिवी आहे.

इतवारी
आमचे घराणे हातमागाचे आहे, म्हणून मला ‘फायबर’ या शब्दापासून सुरुवात करावीशी वाटते. सुताला बळ येते ते पिळामुळे. पीळ उकलला की तेच सूत मागावर तुटते. माणसाच्या बाबतीतही आपण ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ असे म्हणतोच. तेव्हा ‘पीळ नसलेला’ असा शेरा का असू नये? मूळ रूपकही त्यात राहते आणि शब्दही मातीतला आहे.

महालवासी
पीळ म्हणजे ताठा. ‘अजून पीळ गेला नाही’ हे आपण कौतुकाने म्हणत नाही. शिवाय हल्लीच्या मुलांच्या तोंडी ‘पीळ मारणे’ म्हणजे कंटाळा आणणे. वाचकाला वाटेल की हा गनर रटाळ बोलत नसे.

इतवारी
हल्लीची मुले काय म्हणतात यावर शब्द टाकायचे ठरविले तर मराठीत फारसे काही उरणार नाही. ताठा आणि कणखरपणा यांच्यात अंतर कमी आहे, आणि सैन्याला दोन्ही हवे असतात.

रामदासपेठ
‘कच खाल्ली’ हा पर्याय अद्याप कोणी सुचविला नाही याचे आश्चर्य वाटते. त्यात निंदा आहे, परंतु ती शिवीपर्यंत जात नाही. माझे आजोबा सांगत की हा प्रयोग शुक्राचार्यांनी मद्यातून कचाला गिळले त्या कथेवरून आला.

महालवासी
आजोबांविषयी आदर राखून सांगतो, शुक्राचार्यांनी कच पोटात घातला खरा, परंतु त्यात माघार कोठे आहे? उलट त्यांनी पोटातल्या शिष्याला विद्या शिकवून त्याला बाहेर काढले. ‘कचरणे’ हे साधे मराठी क्रियापद समोर असताना पुराणात शिरण्याचे कारण नाही.

धंतोलीकर
व्युत्पत्ती काहीही असो, ‘कच खाल्ली’ हे घडलेल्या गोष्टीचे वर्णन आहे. शेरा घडलेल्या गोष्टीवर नाही, माणसाच्या घडणीवर आहे. त्या अधिकाऱ्याला असे म्हणायचे आहे की हा मुलगा मुळातच कच्चा होता. सध्या मी ‘धैर्याने कच्चा’ असे लिहून ठेवले आहे, कारण सरकारी शेऱ्यात ते शोभते आणि वाचताना बोचते. दुसरे असे की रामदासपेठ यांनी वर ‘पहिली पाळी’ असे लिहिले आहे. मीही मसुद्यात तेच लिहिले होते, परंतु मंडळातील भगिनींनी एकमुखाने विरोध केला.

इतवारी
एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर ज्यांचे दिवस ठरत, त्या घरांत ‘पहिली पाळी, दुसरी पाळी’ हेच शब्द होते आणि कोणाला संकोच वाटत नसे. तीस मोहिमांच्या ‘टूर’ला पाळीच म्हणावे. दौरा तर मुळीच म्हणू नये, दौरा मंत्री काढतात.

वायुसेनानगर
पाळी मान्य. मात्र मोहीम हा शब्द मला खटकतो. मोहीम पानिपतची असते, एका रात्रीच्या उड्डाणाला आम्ही सॉर्टी म्हणतो आणि तो शब्द देवनागरीत तसाच ठेवावा. ‘धैर्याने कच्चा’बद्दल विचार करून कळवितो. आणि ‘गनर’ला काय केले आहे?

धंतोलीकर
अजून गनरच ठेवला आहे.

महालवासी
मराठ्यांच्या तोफखान्यात त्याला गोलंदाज म्हणत. आयता शब्द आहे.

रामदासपेठ
काका, ‘शेवटचा गोलंदाज’ असे छापले तर अर्धे मंडळ जामठ्याच्या स्टेडियमची तिकिटे विचारत येईल.

महालवासी
त्यात शब्दाचा दोष नाही. क्रिकेटने तो आपल्याकडून उसना नेला आहे, आता परत मागावा.