‘चिरा सोडा, एएसी लावा’ : एवढं सोपं आहे काय ओ?

टिळकवाडीकर : काल इथं कुणीतरी लिहिलंय, “बेळगावात चिरा-वीट म्हणजे पैसा पाण्यात. एएसी ब्लॉक लावा, घर आपोआप गार.” आपोआप? चिरा म्हणजे आपला जांभा दगड, एएसी म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेला हलका काँक्रीट ब्लॉक. एकमजली घरात ऊन आधी स्लॅबमधून उतरतं. साध्या ५ इंची स्लॅबचा यू-व्हॅल्यू (उष्णता किती आरपार जाते त्याचं माप, कमी तितकं बरं) ३ च्या वर, घरांच्या ऊर्जाबचतीच्या इको निवास संहिता २०१८ ची छताला मर्यादा १.२. भिंतीवर खर्च करून डोक्यावर तवा कशाला?

साइटवाला : छताचं मान्य, म्हणून भिंत सोडायची? ८ इंची एएसीचा यू ०.८ च्या आसपास, ९ इंची विटेचा २ च्या घरात. एएसीच्या भिंतीला तडे जातात म्हणाल, तर ते ब्लॉकमुळं जात नाहीत. ब्लॉक भिजवून चिंब करतात, १:४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) कडक गिलावा मारतात, कॉलमच्या सांध्यावर जाळी नाही. ३ मिमीचा ब्लॉक-गोंद वापरा, बीमखाली फट ठेवून नंतर भरा.

खानापुरी : सगळं गवंड्यावर ढकला! आमच्याकडं पाऊस पश्चिमेकडनं आडवा मारतो. त्या बाजूचा गिलावा फुटला की ब्लॉक पाणी पितोच.

साइटवाला : आणि चिरा उपाशी राहतो काय?

खानापुरी : पितो की. म्हणून खाणीतून आणल्यावर हवेत कडक होऊ द्यायचा, पश्चिमेला छपराची वळचण २-३ फूट बाहेर काढायची.

वडगावचा अण्णा : भांडा भिंतीवर. स्लॅबवर पत्रा टाका, गळती बंद, ऊनपण बंद.

टिळकवाडीकर : पत्रा चारी बाजूंनी बंद करून खोली काढता, भाडेकरू ठेवता, मग कसली सावली? गरम हवा तिथंच कोंडते. बाजू मोकळ्या, पत्रा वरून पांढरा, तरच उपयोग.

वडगावचा अण्णा : भाड्याचं तुम्हाला काय पडलंय ओ? पत्र्याचं बोला.

टिळकवाडीकर : बोलतो. स्क्रू पत्र्याच्या खोलगट भागात मारू नका, उंचवट्यावर मारा. जास्त आवळला की रबरी वॉशर चिरडतो, जूनमध्ये तिथंच गळतं. वाऱ्यानं उचलू नये म्हणून पत्र्याखालचे पाइप बेसप्लेटला आणि बेसप्लेट स्लॅबला घट्ट करा. पण स्लॅबला पाडलेलं भोक उघडं सोडू नका, तिथं वॉटरप्रूफिंग फुटतं.

साइटवाला : एवढं करण्यापेक्षा स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, ४८ तास पाणी साठवून तपासणी, मग ५० मिमी एक्सपीएस (उष्णता अडवणारी फोमची पाटी), त्यावर जाळीचा कोबा, वर पांढरी चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी). यू ०.५ च्या आसपास येतो.

वडगावचा अण्णा : आणि वर धुणं कुठं वाळवायचं पावसाळ्यात? एक्सपीएसखाली?

साइटवाला : बरं बाबा, पत्रा घाला. निदान पन्हळीचं पाणी पाइपानं खाली गटारीत सोडा, शेजाऱ्याच्या भिंतीवर नको.

खानापुरी : हे तर पत्र्यावाल्यांना कानडीत, मराठीत, दोन्हींत सांगून झालंय.