सिलिंडरची ट्रॉली नको

वर भाऊंनी विचारलंय की बेळगावच्या शहापुरातल्या जुन्या घरात आर्केड मशीन (नाणं टाकून खेळायचं कपाटासारखं व्हिडिओ गेमचं मशीन) माडीवर चढवायचंय, गॅस सिलिंडरची दोनचाकी ट्रॉली चालेल का. नको हो! उभं जुनं मशीन सहज शंभर-सव्वाशे किलो भरतं, त्यात काचेच्या ट्यूबचा मॉनिटर वरच्या अंगाला, म्हणजे ट्रॉलीची पाठ बुटकी असली की वळणावर डोलणार बगा. फ्रिज नेतात तसली उंच पाठीची, रॅचेट पट्ट्याची (खटक्यानं आवळून बसणारा पट्टा), २५० किलो पेलणारी घ्या, नाहीतर उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डिंग करून घ्या की.

खालची प्लेट मात्र रुंद पाहिजे. कॅबिनेटचा तळ लाकडी भुशाच्या बोर्डाचा असतो, आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरून फुगतो आणि अरुंद प्लेटवर सगळा भार आला की कडेचा तुकडाच निघून येतो. दगडी उंबऱ्याला हवेची १० इंची चाकं बरी, पण दोन्हीकडं हवा सारखी भरा.

जिन्याला दोन्ही बाजूंना तीन-तीन फिरत्या चाकांची ट्रॉली मिळते, पण पायरी अरुंद असेल तर ती नीट फिरत नाही, आधी टेप लावून मोजा. मॉनिटर काढून वजन कमी करायचं तर टीव्ही मेकॅनिककडूनच काढा, वायर उपटली तरी ट्यूबमध्ये करंट राहतो.