मदत हवी आहे: न्यू जर्सी, १५ वर्षांचा भाचा आणि मेगन्स लॉची नोंदणी

मी पुण्यात, बहीण न्यू जर्सीत, एडिसनजवळ. तिच्या मुलावर तिथल्या फॅमिली कोर्टात लैंगिक गुन्ह्याची केस आहे. काय घडलं ते इथे लिहिणार नाही. त्यात दुसऱ्या घरची मुलगी आहे आणि तिला झालेला त्रास आम्ही नाकारत नाही. ‘या वयात होतं असं’ छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

वकील म्हणतात, कबूल करून टाका, प्रोबेशनवर भागेल. बहिणीला हायसं वाटलं. तिने कबुलीचे कागद व्हॉट्सॲपवर पाठवले. शेवटी मेगन्स लॉच्या, म्हणजे लैंगिक गुन्हेगारांची पोलिसांकडे नोंद ठेवणाऱ्या कायद्याच्या, नोंदणीबद्दलचे प्रश्न आहेत, पुढे हो किंवा नाही. भाच्याने सगळीकडे ‘हो’भोवती पेन्सिलीने गोल करून ठेवलाय. विचारलं तर म्हणतो, “मामा, सांगितलं तसं केलं.” नोंदणी म्हणजे पोलिसांकडे वर्षानुवर्षं पत्ता कळवत राहायचं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. बहिणीलाही नाही!

मी वाचलंय ते असं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६७ च्या गॉल्ट निकालापासून तिथे अल्पवयीनालाही आरोपांची लेखी सूचना, वकील, साक्षीदारांची उलटतपासणी आणि गप्प राहण्याचा हक्क आहे. ज्युरी मात्र नाही (त्याच न्यायालयाचा मॅककीव्हर निकाल, १९७१). म्हणजे एकटा न्यायाधीश ठरवणार, आणि त्यावरून मोठ्यांसारखी नोंदणी लागणार. मला हे पटत नाही, पण कायदा तसा आहे. दिलासा एवढाच की न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सी. के. प्रकरणात अल्पवयीनांवरची कायमची, आजन्म नोंदणी घटनाबाह्य ठरवली. १५ वर्षं नवा गुन्हा नसेल आणि धोका नाही हे दाखवता आलं, तर नाव काढायला अर्ज करता येतो. १५ वर्षं! पोरगा तिशीत जाईल.

विचारायचं हे:

कबुलीआधीच कलम बदलून नोंदणी न लागणाऱ्या गुन्ह्यावर आणता येतं का? कुणाच्या माहितीत तसं झालंय?

टियर (पुन्हा गुन्ह्याच्या धोक्याची पातळी) ठरवायच्या सुनावणीत मानसोपचारतज्ज्ञाचा स्वतंत्र अहवाल द्यायचा असेल तर तयारी कधीपासून करावी?

आणि वकील बदलावा का? सध्याचे फोनच उचलत नाहीत. अल्पवयीनांच्याच केसेस चालवणारं कुणी माहीत असेल तर व्यनि करा, इथे नाव लिहू नका.

पुढची तारीख दोन आठवड्यांवर आहे. तोवर सही करू नकोस, एवढंच बहिणीला सांगून ठेवलंय.